विमानाचे तिकीट आणि घरची वही



शाळांच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे पालिकेत, एस.टी.त, पोस्टात, दवाखान्यात, कारखान्यात राबणारे असतात. नवरा-बायको दोघे कमावतात, मुले शिकत आहेत, घराचा हप्ता फिटत आला आहे. प्रश्न असा, की एकदा मुलांना विमानाने परदेशी समुद्रावर न्यावे म्हणतो, ते आपल्याला झेपेल काय? विचारताना त्यांचा आवाज थोडा खाली येतो, जणू काही गैरच बोलत आहेत.

आमचे पहिले सांगणे असे, की आवाज खाली आणण्याचे कारण नाही. घामाच्या पैशातून घरच्यांना जग दाखवणे हा गुन्हा नव्हे. दुसरे सांगणे असे, की झेपेल किंवा नाही याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही, ते आपल्या घरच्या वहीत मिळते. स्वस्त प्रवास म्हणजे सर्वांत कमी आकड्याचे तिकीट नव्हे. घराला कुलूप लावल्यापासून पुन्हा घराचे कुलूप उघडेपर्यंत जो एकूण खर्च येतो, तो कर्ज न काढता भागला, तर तो प्रवास स्वस्त. हे एकच सूत्र धरून आज बोलू.

हवेत बोलण्यापेक्षा एक जागा नक्की करू. आम्ही मॉरिशस निवडतो. बँकॉक, दुबई, कोलंबो ही गावे विमानाने अडीच-साडेचार तासांच्या अंतरावर आहेत. मॉरिशस मुंबईहून सुमारे 4,700 किलोमीटर, म्हणजे थेट विमानाने साधारण साडेसहा तास. लांब पल्ल्याचा प्रवास, चोहोबाजूंनी समुद्र आणि वर्षभर ऊन. भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, व्हिसाची फीही लागत नाही. चौघांच्या कुटुंबाला ही बचत लहान नाही. शिवाय या बेटाशी आपले एक जुने नाते आहे, त्याविषयी शेवटी लिहू.

आता हंगाम समजून घ्या, कारण तिकिटाचा भाव हंगामावर ठरतो. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला 19 अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला सुमारे 20 अंशांवर. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, त्यातच पाऊस आणि वादळे. मे ते ऑक्टोबर हिवाळा. हिवाळा म्हणजे आपल्याकडच्या महाबळेश्वरची थंडी समजू नका. दिवसा स्वच्छ ऊन असते, संध्याकाळी एखादा स्वेटर लागतो, आणि सूर्य लवकर मावळतो.

सर्वांत महाग काळ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. युरोपातले लोक नाताळात थंडीतून पळून या बेटावर येतात, तेव्हा विमान आणि हॉटेल दोन्ही महाग. त्यानंतर जानेवारीअखेर ते मार्च या काळात भाव बरेचदा उतरतात, पण ते का उतरतात हेही पाहावे. तो चक्रीवादळांचा काळ आहे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल नावाचे वादळ आले, राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुराचे पाणी शिरून मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी अडकून पडलेल्या कुटुंबाचा हॉटेलखर्च रोज वाढत जातो. हाताशी शिल्लक नसणाऱ्याने वादळाच्या महिन्यातले स्वस्त तिकीट घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलांची सुटी दोनदा असते. दिवाळीच्या सुटीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तिथली हवा उत्तम असते. पण त्याच दिवसांत अर्धा भारत बाहेर पडतो आणि मुंबईहून निघणारे तिकीट चढते. दुसरी सुटी एप्रिल-मे. इथे जरा गंमत आहे. मे महिना मॉरिशसमध्ये युरोपीय गर्दीचा नाही, त्यामुळे राहण्याच्या जागा माफक दरात मिळतात. महाग होते ते फक्त आपल्याकडचे विमान. मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत ते जास्त भरते. महाराष्ट्र मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा आपल्या मुलांना मोकळा असतो आणि तोवर गर्दी ओसरू लागते. ज्यांना तारीख पुढेमागे करता येते त्यांनी हा आठवडा आधी तपासावा. 14 एप्रिलचे कार्यक्रम आटोपले, निकाल लागले, पुस्तके-वह्यांची खरेदी झाली, की मग निघायचे.

जूनमध्ये गेलात तर राहण्याची बाजू मात्र विचारपूर्वक निवडा. त्या दिवसांत आग्नेयेकडून वारे वाहतात. पूर्व किनाऱ्यावर ते अंगावर येतात, तर पश्चिम आणि उत्तर किनारा आडोशाला राहतो. म्हणून हिवाळ्यात पश्चिमेचे फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेचे त्रू-ओ-बिश, ग्रां-बे ही गावे बरी. पूर्वेचा बेल-मार किनारा सुंदर आहे, पण तो उन्हाळ्यात.

आता तिकिटाचे गणित. पुष्कळांना वाटते की एका विमानातील सर्व जागांना एकच भाव असतो. तसे नाही. विमान कंपनी एकाच डब्यातील, एकसारख्या खुर्च्यांचे अनेक भावगट पाडते. सर्वांत स्वस्त गटात थोड्या जागा असतात. त्या संपल्या की पुढचा गट उघडतो. म्हणून शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. समजा स्वस्त गटात दोनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही एकदम चार तिकिटांचा भाव विचारला. संगणक त्या दोन जागा दाखवत नाही. चारही तिकिटे वरच्या गटाच्या भावाने दाखवतो. म्हणून आधी एका माणसाचा भाव पाहा, मग दोघांचा, मग चौघांचा. एका आणि चौघांच्या भावात माणशी फरक दिसला, तर दोन-दोन तिकिटे वेगळी काढण्याचा विचार करता येतो. मात्र प्रत्येक जोडीत एक मोठे माणूस आणि एक मूल असावे. विमान रद्द झाले किंवा वेळ बदलली तर दोन्ही आरक्षणांसाठी वेगळे बोलावे लागते, हेही लक्षात असू द्या. फरक शे-दोनशेचा असेल तर ही उठाठेव करू नये.

मंगळवार, बुधवार, गुरुवार या दिवशी निघणारे विमान शुक्रवार-शनिवारपेक्षा बहुधा स्वस्त पडते, कारण नोकरदारांना शनिवार-रविवार जोडून हवा असतो. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र घेतले तर मोठ्या कंपन्यांकडे ते दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा स्वस्त मिळते. मॉरिशसच्या बाबतीत परतीचे तिकीट जवळ असणे तसेही आवश्यक आहे, कारण उतरल्यावर तिथला अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा मागू शकतो.

मुंबईहून एअर मॉरिशस ही तिथली राष्ट्रीय कंपनी थेट जाते. भारतीय कंपन्याही या मार्गावर कधी सेवा सुरू करतात, कधी थांबवतात. म्हणून तारखा ठरवताना त्या वेळी कोण जाते ते पाहावे. थेट विमानाखेरीज आखाती शहरातून फिरून जाणारी तिकिटे दिसतात. दुबईहून मॉरिशसला मोठी विमाने जातात. नकाशा पाहिला तर हा उलटा फेरा आहे. आधी तीन तास वायव्येला जायचे आणि मग साडेसहा तास दक्षिणेला यायचे. तरीही हे तिकीट कधीकधी स्वस्त असते. ते घ्यावे काय?

इथे घरची वही काढा. समजा फेऱ्याचे तिकीट माणशी 5,000 रुपयांनी स्वस्त आहे. चौघांचे 20,000 वाचले. आता दुसऱ्या बाजूला लिहा. त्या तिकिटात सामान धरलेले नसेल तर दोन बॅगांचे, समजा, 8,000. मधल्या विमानतळावर आठ-नऊ तास बसावे लागले तर चौघांचे दोन वेळचे खाणे, समजा, 4,000. रात्री उशिरा उतरलात तर बस मिळणार नाही, टॅक्सीचे जास्तीचे 3,000. प्रवासात एक दिवस गेला, तेव्हा मुक्कामाची एक रात्र वाया, तिचे 5,000. बेरीज 20,000. वाचले काय? काहीच नाही. वर मुलांचे हाल आणि आपली एक रजा गेली. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण बेरीज करण्याची ही रीत पक्की धरा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे जोडून प्रवास करणे हा आणखी मोठा धोका. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय मधल्या देशात सामान उचलून पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एकटा तरुण हे करू शकेल. म्हातारी आई आणि दोन मुले बरोबर असताना करू नये.

नागपूर, चंद्रपूर, अकोला, नांदेडच्या वाचकांनी मुंबईपर्यंतचा प्रवासही याच वहीत मांडावा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. सकाळी रेल्वेने उतरून दुपारी विमान, असा हिशेब करू नका. गाडी चार तास उशिरा आली तर चार तिकिटे बुडतात. एक रात्र आधी मुंबईत यावे. कल्याण, विक्रोळी, चेंबूरला कोणी नातेवाईक नाही असे आपले कुटुंब विरळाच.

आता कागदपत्रे. पासपोर्ट आधी, तिकीट नंतर, हा क्रम मोडू नका. प्रौढाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, मुलांचा पाच वर्षे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. मुलांचे पासपोर्ट म्हणूनच कधी संपले ते कळत नाही. परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी मुदत शिल्लक असावी, म्हणजे विमानतळावर वाद नको.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नानंतर बदललेले तिसरे. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र एका ओळीत असते, आडनाव वेगळ्या ओळीत. तिकिटावर नेमके तसेच अक्षर-अक्षर हवे. एजंटाला तोंडी नाव सांगू नका, पासपोर्टच्या पानाची प्रत द्या आणि पैसे भरण्यापूर्वी स्वतः वाचून पाहा. मागाहून दुरुस्ती करायला कंपन्या पैसे घेतात, आणि काही वेळा तिकीटच नवे काढावे लागते.

दहावी न झालेल्या वाचकांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. आपल्याला परदेशी जाता येणार नाही असे समजून काही माणसे घरीच बसतात. तो शेरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी आहे, आणि त्या देशांच्या यादीत मॉरिशस नाही. सहलीला जायला त्याची अडचण नाही. आई दहावी झालेली नाही म्हणून तिला मागे ठेवून जाऊ नका.

सरकारी, निमसरकारी आणि पालिकेच्या नोकरीत असाल तर परदेशी खासगी प्रवासासाठी कचेरीची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज दोन-तीन महिने आधी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आम्ही स्वतः कारकून आहोत, फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस झोपते हे आम्हांला कोणी सांगायला नको. आणखी एक. रजा प्रवास सवलत परदेशासाठी नाही. सरकारी नोकरांची सवलत आणि प्राप्तिकरातील प्रवासभत्त्याची सूट, दोन्ही भारतातल्या प्रवासापुरत्याच आहेत. तिच्या भरवशावर परदेशाचा बेत आखू नये.

आता सहल कंपनीकडून सगळे एकत्र घ्यावे की स्वतः जुळवावे? पहिल्यांदा जाणाऱ्याला कंपनीचा आधार वाटतो, त्यात चूक काही नाही. पण परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी तुमच्या पॅन क्रमांकावर आगाऊ कर कापते. तो टीसीएस म्हणून ओळखला जातो. हा खर्च नव्हे. विवरणपत्र भरले की तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. आपल्याकडचे बरेच जण कर बसत नाही म्हणून विवरणपत्रच भरत नाहीत आणि ती रक्कम सोडून देतात. असे करू नका. कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या आणि विवरणपत्र भरा. नुसते विमानाचे तिकीट स्वतः काढले तर सहल-पॅकेजचा हा कर लागत नाही.

कंपनीचा भाव विचारताना लेखी विचारा. विमान थेट आहे काय, सामान किती किलो, जेवण किती वेळचे, विमानतळावरून नेणे-आणणे धरले आहे काय, आणि रद्द केल्यास किती परत. 1 ऑक्टोबर 2025 पासून मॉरिशस सरकारने परदेशी पाहुण्यांकडून माणशी प्रत्येक रात्री 3 युरो पर्यटन शुल्क सुरू केले आहे, त्यातून बारा वर्षांखालील मुले वगळली आहेत. दोन मोठी माणसे सहा रात्री राहिली तर 36 युरो. हे भावात आहे की वेगळे, तेही विचारा. प्रवासापूर्वी भरायचा त्या सरकारचा ऑनलाइन फॉर्म मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारा तुम्हांला फसवतो आहे असे समजा.

स्वतः जुळवायचे ठरवलेत तर खर्च वाचण्याच्या जागा तीन. पहिली, स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा. तांदूळ, डाळ, भाजी, पाव तिथल्या दुकानांत मिळतात. एक वेळ घरी शिजवले की हॉटेलचे निम्मे बिल वाचते. बाहेर खायचे तर धोलपुरी खा. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली ती मऊ पोळी आपल्या पुरणपोळीची खारी बहीण म्हणावी अशी असते, आणि रस्त्यावरच्या गाडीवर स्वस्तात मिळते. मिरचीचे डाळवडेही मिळतात. घरून ताजी फळे, रोपे, बियाणे नेऊ नका, परवान्याशिवाय ती आत येऊ देत नाहीत. औषधांच्या बाबतीत तिथला कायदा कडक आहे, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी, आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर त्या चालतात काय हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरी जागा, बस. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर आणि रुंदी 45. सगळीकडे बस जाते, तिकीट कंडक्टर देतो. पोर्ट लुई ते क्युरपीप ही मेट्रोही 2022 पासून धावते, ती आपल्याकडच्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे. पण खेड्यांकडच्या बसगाड्या संध्याकाळीच बंद होतात. विमानतळ आग्नेय टोकाला आणि राहण्याची गावे उत्तरेला किंवा पश्चिमेला. म्हणून दिवसाउजेडी उतरणारे विमान निवडा. टॅक्सी घ्यावीच लागली तर बसण्यापूर्वी भाडे ठरवा.

तिसरी जागा, समुद्र. तो फुकट आहे. मॉरिशसमध्ये किनारा कायद्याने सार्वजनिक आहे. पंचतारांकित हॉटेलसमोरची वाळूसुद्धा भरतीच्या रेषेपर्यंत हॉटेलच्या मालकीची नाही. तिथे कोणीही चालू शकते, पोहू शकते. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क म्हणजे काय, हे महाडनंतर आपल्या वाचकांना वेगळे समजावायला नको. शनिवार-रविवारी तिथली कामगार कुटुंबे डबे घेऊन सार्वजनिक किनाऱ्यांवर झाडांखाली दिवसभर बसतात. त्यांच्यातच जाऊन बसावे.

आपल्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतले पाणी उथळ आणि शांत असते. मुलांना तिथेच पाण्यात उतरवा. दक्षिणेला सुयाकजवळ ग्रि-ग्रि येथे ही भिंत तुटते आणि लाटा सरळ खडकावर आदळतात. ती जागा लांबून पाहण्याची आहे. पाण्यात जाताना पायांत रबरी बूट असावेत. प्रवाळ कापतो, आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही तिथल्या पाण्यात आहे.

पैशांविषयी. मॉरिशसचाही रुपया आहे, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग, साधारण दुपटीच्या आसपास. वस्तूवरची किंमत वाचून स्वस्त वाटेल, मनात दुप्पट करून मगच हात घाला. 12 फेब्रुवारी 2024 पासून तिथे आपली यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली, पण बस आणि खाण्याच्या गाडीसाठी रोख लागतेच. प्रवासविमा काढावा. परदेशी दवाखान्याचे एक बिल दोन वर्षांची शिल्लक खाऊन टाकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पैसा आणायचा कोठून? समजा सगळे मांडून चौघांचा आकडा 3 लाख निघाला. दोन मार्ग आहेत. एक, आज कर्ज काढून उद्या जाणे. 14 टक्क्यांनी दोन वर्षांच्या मुदतीचे 3 लाखांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 14,400 बसतो. दोन वर्षांत सुमारे 45,700 रुपये व्याज जाते, कर्ज मंजुरीचे शुल्क वेगळे. सहल आठवड्याची आणि हप्ता दोन वर्षांचा. दुसरा मार्ग, बँकेत महिना 12,500 ची आवर्त ठेव. दोन वर्षांत 3 लाख जमतात, वर व्याज आपल्याला मिळते. हप्ता पहिल्या मार्गापेक्षा लहान, आणि मधेच आजारपण आले तर पैसा आपलाच. त्यात मनस्ताप नाही. महिना 12,500 जमत नसतील तर तीन वर्षे घ्या. समुद्र कोठे जात नाही.

एक कसोटी सांगतो. ठेव सुरू करून सहा महिने पाहा. या सहा महिन्यांत मुलांची फी, औषधे, गावाकडची मदत आणि वस्तीतली वर्गणी यांपैकी काहीही न थांबवता ठेव चालू राहिली, तर बेत पक्का करा. ठेव दोनदा चुकली तर बेत लांबवा, आणि त्या वर्षी मुलांना मालवण किंवा हरिहरेश्वर दाखवा. त्यात कमीपणा नाही. शेजारी गेला म्हणून जाणे, आणि आल्यावर दागिने गहाण पडणे, यात खरा कमीपणा आहे.

आता ते जुने नाते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले 36 भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. म्हणून पाच-पाच वर्षांच्या करारावर माणसे नेली गेली. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर तिथे पोहोचले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसे त्यांत होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. युनेस्कोने 2006 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. समुद्रातून वर येणाऱ्या त्याच्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. त्या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येक मजुराची नोंद झाली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जात असे त्या वहीतले रकाने होते. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. ती माणसे स्वस्तात नेलेली होती. त्यांच्या प्रवासाचा हिशेब मळेवाल्यांनी मांडला होता, त्यांनी स्वतः नव्हे.

तुम्ही गेलात तर एक सकाळ या घाटासाठी राखून ठेवा. बसने जाता येते. मुलांना त्या पायऱ्या दाखवा आणि वहीतल्या रकान्यांविषयी सांगा. मग आपला पासपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि तो नीट वाचायला सांगा. त्यात नाव आहे, जन्मगाव आहे, राष्ट्रीयत्व आहे. जातीचा रकाना त्यात नाही. आणि त्यांना हेही सांगा, की या प्रवासाचा हिशेब आपण स्वतः मांडला, आपल्या घरच्या वहीत, आणि त्यात कोणाचे देणे नाही.

येत्या रविवारी जेवणे झाल्यावर घरातली सर्व माणसे बसवा. वहीचे एक कोरे पान घ्या. वर सर्वांची पासपोर्टवर हवी तशी नावे लिहा, खाली महिना किती टाकता येईल तो आकडा लिहा. आकडा लहान असला तरी लिहा. तारीख त्यावरून ठरेल.